तारणाची खात्री आणि विश्वासावरील हल्ला : ल्यूथरपासून पंडिता रमाबाईंपर्यंत

‘ख्रिस्ती धर्मातील मोहाची कल्पना स्पष्ट करा’ असा प्रश्न आला, की बहुतेक विद्यार्थी एदेन बागेतील फळापासून सुरुवात करतात आणि लोभ, वासना, गर्व अशी यादी देऊन थांबतात. हे उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. ख्रिस्ती परंपरेत आणखी एक मोह सांगितलेला आहे आणि मनापासून धार्मिक असलेली माणसे त्यालाच अधिक घाबरली. हा मोह पाप करण्याचा नव्हे. ‘देवाने मला टाकले आहे’ असे मानण्याचा आहे. या पाठात आपण तो समजून घेऊ आणि ‘तारणाची खात्री’ ही कल्पना त्याच्याशी कशी जोडलेली आहे ते पाहू.

आधी दोन शब्द स्पष्ट करून घ्या. ‘तारण’ म्हणजे पाप आणि मृत्यू यांच्या सत्तेतून देवाने केलेली सुटका. मोक्षाशी त्याची तुलना नेहमी होते. फरक इतका लक्षात ठेवा, की येथे जन्ममरणाचा फेरा हा प्रश्न नसून देवाशी तुटलेले नाते हा प्रश्न आहे. ‘खात्री’चा प्रश्न त्यापुढचा. देव तारतो हे मान्य. पण तो मला तारतो हे मी कशावरून म्हणू?

दुसरा शब्द ‘मोह’. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’ असा आहे आणि त्यात भुरळ व कसोटी हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणूनच मराठी ख्रिस्ती वाङ्मयात कधी ‘मोह’ तर कधी ‘परीक्षा’ वाचायला मिळते. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तिसरा आणि चौथा अध्याय सलग वाचून पाहा. येशूचा बाप्तिस्मा होतो तेव्हा आकाशवाणी त्याला पुत्र म्हणते. लगेच पुढे, अरण्यातील चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान येतो आणि त्याचे पहिलेच बोलणे ‘जर तू पुत्र असशील तर’ अशा वळणाचे असते. भाकरीचा विषय नंतरचा. पहिला घाव त्या ‘जर’चा आहे. नुकतेच ऐकलेले वचन खरे की नाही, हे स्वतःच काहीतरी करून सिद्ध करून दाखव, असा तो डाव आहे.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील शस्त्रसामग्रीचे रूपकही याच दृष्टीने वाचावे. तेथे विश्वास ही ढाल आहे आणि तारण हे शिरस्त्राण. रोमन सैनिकाची मोठी ढाल लाकडी, कातड्याने मढवलेली असे आणि तिच्याआड माणूस जवळजवळ पूर्ण झाकला जाई. म्हणजे विश्वास हे या रूपकात पराक्रमाचे साधन नाही, आड उभे राहण्याची जागा आहे.

मार्टिन ल्यूथरचा अनुभव

या मोहाचे सर्वांत सविस्तर विवेचन ल्यूथरने केले, आणि ते त्याने पुस्तकातून उचललेले नव्हते. जुलै १५०५ मध्ये वादळात विजेच्या भीतीने नवस बोलून तो एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. तेथे त्याने उपास, जागरण, प्रार्थना यांत कसूर केली नाही. तरी मन शांत होईना.

असे का व्हावे? उत्तर त्या काळच्या शिकवणुकीत आहे. उत्तर-मध्ययुगातील एका प्रभावी मताप्रमाणे, माणसाने आपल्या परीने शक्य तेवढे केले तर देव त्याला कृपा नाकारत नाही. हे मत मुळात दिलासा देण्यासाठी होते. पण ल्यूथरसारख्या काटेकोर माणसाच्या हाती पडल्यावर त्याचा फास झाला. ‘शक्य तेवढे’ म्हणजे किती? मी केले ते पुरेसे होते, हे कोण ठरवणार? पापकबुलीचेही तेच. सगळी पापे आठवून सांगायची, आणि पश्चात्ताप शिक्षेच्या भीतीने नव्हे तर देवावरील प्रेमाने झालेला असावा अशी अपेक्षा. आता मनात डोकावून पाहा : माझा पश्चात्ताप प्रेमाचा की भीतीचा? जितके खोल पाहावे तितकी भीतीच सापडते. ल्यूथर पुनःपुन्हा पापकबुलीला जाई, इतका की त्याचा वरिष्ठ आणि मार्गदर्शक योहान फॉन श्टाउपिट्झ कंटाळून गेला.

या अवस्थेसाठी ल्यूथरने जर्मन भाषेतील ‘आनफेख्टुंग’ हा शब्द वापरला. त्याचा धात्वर्थ ‘हल्ला’ या शब्दाजवळ जातो. आपला ‘मोह’ येथे अपुरा पडतो, कारण मोहात काहीतरी गोड असते. आनफेख्टुंगमध्ये गोड काही नाही. देव शत्रू झाला आहे, अशी ती जाणीव आहे. यास नुसते नैराश्य म्हणून बाजूला सारण्याकडे आजचा कल असतो. त्यात थोडे तथ्य असेलही, पण तेवढ्यावर थांबलात तर त्यातील तर्क निसटतो, आणि तर्क मोठा कडक आहे.

सुटका झाली ती रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अभ्यासातून. विटेनबर्ग येथे शिकवताना त्याच्या ध्यानात आले, की ‘देवाचे नीतिमत्त्व’ म्हणजे देव ज्याने पाप्याला शिक्षा करतो तो गुण नव्हे, तर देव विश्वास ठेवणाऱ्याला जे बहाल करतो ते. हे स्मरण त्याने १५४५ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, लिहून ठेवले. यातून निघणारा निष्कर्ष आपल्या विषयासाठी कळीचा आहे : खात्रीचा आधार माझ्या आत नाही, माझ्याबाहेर आहे. लॅटिनमध्ये यास ‘एक्स्ट्रा नोस’ म्हणतात, म्हणजे ‘आपल्याबाहेर’.

बाहेर म्हणजे कोठे? येथे ल्यूथर फार ठोस बोलतो. १५२९ च्या ‘मोठ्या प्रश्नोत्तरी’त तो सांगतो, की पाप आणि विवेक छळू लागले म्हणजे माणसाने आपल्या बाप्तिस्म्याकडे बोट दाखवावे. स्वतः ल्यूथरचा बाप्तिस्मा ११ नोव्हेंबर १४८३ रोजी, जन्माच्या दुसऱ्याच दिवशी झाला होता. त्या दिवशी संत मार्टिनचा सण, म्हणून नाव मार्टिन. एका दिवसाच्या बाळाचे त्यात कर्तृत्व ते काय? त्याच्या दृष्टीने नेमके तेच महत्त्वाचे. जे मी केलेच नाही, ते माझ्या कमकुवतपणाने रद्दही होत नाही.

यानंतर हल्ले थांबले असे समजू नका. १५२७ च्या जुलैत तो आजार आणि घोर निराशा यांनी एकदमच घेरला गेला. त्याच वर्षी विटेनबर्गमध्ये प्लेग आला. १५३० मध्ये यरोम वेलर या तरुणाला, जो त्याच्या घरी मुलाला शिकवत असे, त्याने कोबुर्ग किल्ल्यातून पत्र लिहिले. त्यातील सल्ला कोणाही विद्यार्थ्याला नवल वाटेल असा आहे : एकटा राहू नकोस, लोकांत मिसळ, थट्टामस्करी कर, आणि सैतानाशी वाद घालत बसू नकोस. कारण वाद हा आत डोकावण्याचाच प्रकार, आणि आत डोकावल्यावर पुरावा नेहमी आपल्या विरुद्धच मिळणार. १५३९ मध्ये तर प्रार्थना आणि मनन यांच्या जोडीला हा हल्लाही धर्मशास्त्रज्ञ घडवतो, असे त्याने लिहिले. (वार्टबुर्ग किल्ल्यात त्याने सैतानावर दौत फेकली, ही गोष्ट मात्र नंतरची दंतकथा आहे, उत्तरपत्रिकेत इतिहास म्हणून लिहू नये.)

रोमन कॅथलिक आक्षेप

१३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंट परिषदेने आपल्या सहाव्या बैठकीत या शिकवणुकीविरुद्ध निर्णय दिला. देवाची दया आणि ख्रिस्ताचे पुण्य यांविषयी शंका नको. पण आपणास कृपा लाभलीच आहे, असे चुकीची शक्यताच नसलेल्या खात्रीने कोणी जाणू शकत नाही, असे परिषदेचे म्हणणे. हा आक्षेप हलका समजू नये. खात्रीचा उद्दामपणा होऊ शकतो, आणि ‘मी तर तारलेला’ म्हणून बेफिकीर होणारी माणसे प्रत्येक पिढीत असतात. कॅथलिक विचारात खात्रीची जागा आशेने घेतली आहे.

शंका पुन्हा आत शिरते

गंमत अशी, की प्रॉटेस्टंट परंपरेतच हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. आपण निवडलेल्यांपैकी आहोत का, हे ओळखण्यासाठी इंग्लंडमधील प्युरिटन मंडळी आपल्या आचरणात आणि भावनांत खुणा शोधू लागली. जॉन बन्यन हा कल्हईवाल्यासारखी भांडी दुरुस्त करणारा माणूस. त्याचे ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ हरी केशवजी यांच्या १८४१ च्या ‘यात्रिक क्रमण’ या अनुवादातून मराठीत आले. १६६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात बन्यन सांगतो, की ‘ख्रिस्ताला विकून टाक’ असा आवाज त्याच्या मनात दिवसचे दिवस घुमत असे.  अखेर शेतातून जाताना त्याला उमगले, की आपले नीतिमत्त्व स्वर्गात, ख्रिस्ताच्या रूपाने आहे; मनःस्थिती चांगली झाल्याने ते वाढत नाही की वाईट झाल्याने घटत नाही. हा ल्यूथरचाच ‘बाहेर’चा मार्ग झाला.

जॉन वेस्लीचे उदाहरण उलट बाजूने पाहा. जानेवारी १७३६ मध्ये अमेरिकेला जाताना वादळात जर्मन मोरेव्हियन प्रवासी शांतपणे स्तोत्रे गात होते आणि हा दीक्षित पाळक मरणाला भीत होता. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात असताना त्याचे अंतःकरण विलक्षण ऊबदार झाले आणि खात्री पटली. मेथॉडिस्ट चळवळीच्या इतिहासात हा दिवस प्रसिद्ध आहे. परंतु पुढच्याच जानेवारीत त्याने रोजनिशीत नोंद केली, की आपण ख्रिस्ती नाही. ऊब ओसरली की खात्रीही ओसरते. अनुभवावर भिस्त ठेवण्याची ही किंमत. वेस्लीला हे पुढे कळले, आणि पवित्र आत्म्याची साक्ष व जीवनातील फळे यांचा मेळ घालण्याचा त्याने प्रयत्न केला.

पंडिता रमाबाईंची साक्ष

आता आपल्याकडील एक उदाहरण. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले : आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले होते. हॅस्लमला १८५१ मध्ये स्वतःच्याच व्यासपीठावर प्रवचन करताना परिवर्तनाचा अनुभव आला होता. पाळक असून अपरिवर्तित, हे वाचून बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंना आपली स्थिती ओळखू आली असणार.

ल्यूथर ज्या बाप्तिस्म्याकडे बोट दाखवतो, तोच रमाबाईंना पुरला नाही. हा विरोध परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. माझ्या मते कारण त्यांच्या पूर्वायुष्यात शोधावे. त्यांचे कुटुंब तीर्थयात्रा, व्रते, दाने करीत वर्षानुवर्षे भारतभर फिरले आणि दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. विधीने देव प्रसन्न होतो, या समजुतीची किंमत त्यांनी मोजली होती. अशा स्त्रीला बाप्तिस्मा हा आणखी एक पार पाडलेला विधी वाटू लागला, तर त्यात आश्चर्य नाही. मात्र त्यांनी खात्री कोठे शोधली ते बारकाईने पाहा : स्वतःचे सगळे उपाय संपल्यावर, कोणतीही अट न घालता ख्रिस्ताला शरण जाण्यात. ल्यूथरला बाहेरचा आधार पाण्यात दिसला. रमाबाईंनी पाणी ओलांडले. तरी त्यांनीही आधार आत शोधला नाही.