दर्याच्या दऱ्या

समजा, मालवणच्या दांडीवरून सकाळी मोबाइलवर निरोप जातो, ‘बाबल्या, आज दर्यात जाव नको, वारो वाढलोहा.’ शेवटी एक ढग. पाठवणाऱ्याच्या फोनवर तो गुबगुबीत, छटांसकट. बाबल्याच्या जुन्या संगणकावर मात्र शाईने काढलेली नुसती रेघ. वाटेत ढगाचं काय झालं?

मुळात ढग गेलाच नव्हता. गेला होता ९७२९ हा आकडा. जगातल्या लिप्यांना आणि चिन्हांना असे आकडे वाटून देणारं मानक म्हणजे युनिकोड. हा ढग १९९३ सालीही त्यात होता, तोही छत्री-टेलिफोनच्या शेजारी, छापखान्यातल्या खिळ्यासारखा. जपानी मोबाइलवर रुळलेल्या इमोजी २०१० मध्ये युनिकोडमध्ये आल्या आणि ढगासारखी जुनी चिन्हं दोन्ही घरची पाहुणी झाली. २०१२ मध्ये त्यावर तोडगा निघाला: चिन्हामागे एक अदृश्य खूण. ६५०३८ असेल तर अक्षरासारखं काळं दाखवा, ६५०३९ असेल तर रंगीत. खूणच नसेल तर चिन्हाचा मूळ स्वभाव पाहायचा. ढगाचा स्वभाव अक्षराचा. शिडाच्या होडीचा आणि नांगराचा चित्राचा. अर्थात फॉन्टमध्ये रंगीत ढगच नसेल, तर खूण बिचारी काय करणार?

मराठीला अशी अदृश्य खूण नवी नाही. सिंधुदुर्गात मालवणला दर्या आहे आणि आंबोलीला दऱ्या. र, हलंत, य असे आकडे ओळीने आले की रफार उमटतो आणि दर्या होतो. दऱ्यांना लागणारा आडवा, अर्धा र दोन वाटांनी मिळतो. एक, हलंतानंतर ८२०५ ही न दिसणारी जोडखूण घालायची. दुसरी, २३५२ क्रमांकाच्या ‘र’ऐवजी त्याचा शेजारी २३५३, म्हणजे नुक्त्याचा ‘ऱ’ वापरायचा. युनिकोडची शिफारस दुसऱ्या वाटेची. पहिली जुन्या मजकुरासाठी राखलेली. डोळ्यांना दोन्ही दऱ्या सारख्याच, पण साध्या शोधाला एकीवरून दुसरी सापडत नाही. जोडखूण एखाद्या सॉफ्टवेअरने गाळली, तर दऱ्यांत थेट पाणी भरतं! आमचा ‘किनाऱ्यावर’ हा शब्द ‘किनार्यावर’ होऊन छापलेला पाहिला, की मला पहिला संशय या गळतीचा येतो.

हीच ८२०५ इमोजींनाही सांधते. २०१८ मध्ये आलेला चाच्यांचा झेंडा हे एक चिन्ह नाहीच: काळं निशाण, मग जोडखूण, मग कवटी आणि हाडं, आणि शेपटाला रंगाची खूण ६५०३९. (इंग्रज मालवणच्या दर्यावर्दींना चाचेच म्हणत, त्यांच्या हिशेबाने झेंडा आपलाच.) जुन्या फोनला हा सांधा कळत नाही. तिथे निशाण एकीकडे फडकतं आणि कवटी शेजारी वेगळी पडते.