इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे

अमेरिकेत नव्वदच्या दशकातली डॉज रॅम डिझेल पिकअप विकायला निघते तेव्हा मालक इंजिनाबद्दल फारसं बोलत नाही. कमिन्स आहे म्हटलं की झालं. तो बोलतो गिअरबॉक्सबद्दल: कधी बदलला, कोणाकडून बांधून घेतला, कन्व्हर्टर कुठला घातला, पावती आहे की नाही. तीन लाख मैल धावलेलं इंजिन आणि त्यामागे तिसरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ही जोडी त्या बाजारात नवलाची नाही. १९८९पासून आजपर्यंतचा या गाड्यांचा प्रवास पाहिला तर इंजिनाची ताकद दर काही वर्षांनी वाढत गेली, गिअरबॉक्स धापा टाकत मागून आला, आणि मधल्या अंतराचं बिल बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात पडलं.

१९८९मध्ये क्रायस्लरने डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन बसवलं. ते मुळात शेतीची यंत्रं आणि मध्यम ट्रक यांच्यासाठी घडवलेलं. अश्वशक्ती फक्त १६०, पण टॉर्क ४०० पौंड-फूट, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन-मीटर, आणि तोही इंजिन जेमतेम १७०० फेऱ्यांवर असताना. त्यामागे ऑटोमॅटिक म्हणून लावला तो तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट ७२७. त्याचं घराणं १९६२पासूनचं, पेट्रोल मोटारींसाठी वाढलेलं. ओव्हरड्राइव्ह नाही, त्यामुळे हायवेवर इंजिन ओरडत राहायचं.

हे कमिन्स आपल्याला परकं नाही. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२मध्येच आली, आणि हे इंजिन ज्या बी मालिकेतलं, त्याच मालिकेतली इंजिनं पुढे जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये बनून टाटांच्या ट्रकांत बसली. आपल्याकडे त्या इंजिनामागे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असायचा आणि ड्रायव्हरचा डावा पाय क्लचवर. चढावर कधी गिअर उतरवायचा हे त्या पायाला कळत होतं. अमेरिकेत मात्र पिकअप ही घरातल्या कोणीही चालवायची गाडी. मागे घोड्यांचा ट्रेलर असो नाहीतर बोट, गिअर आपोआप पडले पाहिजेत ही अपेक्षा.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडचं चाक ऑइल फेकतं, त्या ऑइलच्या जोराने गिअरबॉक्सकडचं चाक फिरतं. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी उष्णता. वेग धरल्यावर कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकत्र बांधतो आणि घसरण थांबते. पेट्रोल इंजिनाशी हे छान जमतं, कारण त्याचा जोर फेऱ्या वाढतील तसा येतो. डिझेलचा जोर खालीच, एकदम येतो. मागे चार टनांचा ट्रेलर आणि समोर रॉकी पर्वताचा घाट असेल तर तो छोटासा लॉक-अप क्लचच आधी हार मानतो. तो घसरला की ऑइल तापतं, करपतं, आणि करपलेलं ऑइल आतल्या प्लेटांना खातं. बहुतेक मरणं अशीच, उष्णतेने झालेली.

कंपनीला हे माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. चार गिअरचे ऑटोमॅटिक आले, त्यांत १९९४मध्ये ४७आरएच आणि १९९६मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा ४७आरई. त्याच १९९६मध्ये मॅन्युअल गाडीला २१५ अश्वशक्तीचं इंजिन मिळालं आणि ऑटोमॅटिकला १८० अश्वशक्तीचं. इंजिन तेच, फक्त डिझेल कमी सोडलेलं. हमीपत्रही तेच सांगत होतं: कमिन्स इंजिनावर एक लाख मैल, बाकी गाडीवर छत्तीस हजार. कोणत्या भागावर स्वतः कंपनीचा भरवसा आहे, हे याहून स्पष्ट कसं लिहिणार?

४७आरईच्या खोडी आता त्याच्या मालकांना तोंडपाठ आहेत. ‘पार्क’मध्ये या गिअरबॉक्सचं ऑइल कन्व्हर्टरमधून आणि कूलरमधून फिरत नाही, म्हणून थंडीत गाडी सुरू केली की हँडब्रेक ओढून ‘न्यूट्रल’मध्ये थोडा वेळ ठेवायची. ऑइलची पातळीही न्यूट्रलमध्येच, गरम असताना बघायची. दुसऱ्या कंपनीची गाडी चालवून आलेला माणूस सवयीने पार्कमध्ये पट्टी काढतो, चुकीची पातळी वाचतो आणि भलतंच ऑइल भरतो किंवा काढतो. काही गाड्यांत सपाट रस्त्यावर लॉक-अप उगाचच लागायचा-सुटायचा. त्याचं मूळ अनेकदा गिअरबॉक्समध्ये नसायचंच. अल्टरनेटरच्या खराब डायोडमुळे तारांत जाणारी गडबड कॉम्प्युटरला फसवायची. कोणीतरी त्या तारांभोवती स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून पाहिली आणि दुखणं थांबलं. चांगला गिअरबॉक्स उतरवून हजारो डॉलर घालवण्याआधी हे तपासणारा मेकॅनिक भेटणं, हा नशिबाचा भाग.

पण एकदा प्लेटा जळल्या की उतरवण्याला इलाज नाही. डिझेल गाडीला बॅटऱ्या दोन, दोन्ही सोडायच्या. मागचा-पुढचा शाफ्ट काढायचा, चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल तर ट्रान्सफर केस आधी वेगळा करायचा, आडवा आधार आणि स्टार्टर काढायचा. मग इंजिन हाताने फिरवत कन्व्हर्टरचे बोल्ट एकेक करून समोर आणायचे. हे सगळं चिकाटीचं काम, अवघड नव्हे. खरी परीक्षा नवा गिअरबॉक्स चढवताना असते. कन्व्हर्टर आत ढकलताना तो तीन टप्प्यांत बसतो, प्रत्येक टप्प्याला ‘खट्’ असा आवाज येतो. दोनच आवाज आले आणि तसाच बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाला ओढून घेतला, तर आतला पंप फुटतो. गाडी सुरू होण्याआधीच नवा गिअरबॉक्स गेलेला असतो.

दुसरा सापळा कूलरचा. मेलेल्या गिअरबॉक्सच्या प्लेटांचा चुरा ऑइलबरोबर इंजिनाशेजारच्या पाण्याच्या कूलरमध्ये, समोरच्या हवेच्या कूलरमध्ये आणि त्यांच्या नळ्यांमध्ये जाऊन बसतो. नवा जोडला की तोच चुरा परत त्याच्या पोटात. नळीतली एकदिशा झडप चुऱ्याने तुंबली तर ऑइल फिरतच नाही. ‘बदलला आणि सहा महिन्यांत गेला’ अशा तक्रारीच्या मुळाशी बरेचदा हा न धुतलेला कूलर असतो, आणि शिव्या मात्र बांधणाऱ्या कारागिराला बसतात. जुना सांगाडा परत दिला की नवा घेताना भरलेल्या ठेवीचे पैसे मिळतात, त्यामुळे उतरवलेला गिअरबॉक्स भंगारात जात नाही. तो दुकानात जातो, उघडला जातो आणि पुन्हा कुणाच्या तरी गाडीखाली चढतो.

कारखान्यात होता तसाच पुन्हा बांधून घेणं स्वस्त पडतं. माझ्या मते, गाडी मूळ ताकदीवर आणि हलक्या ओझ्यावर चालणार असेल तरच त्यात अर्थ आहे. पण या गाड्या तशा राहिल्याच नाहीत. शंभर-दीडशे अश्वशक्ती वाढवणारे इलेक्ट्रॉनिक डबे बाजारात आले, आणि घाट चढताना ते बंद ठेवायचा संयम कितीजणांकडे होता? त्यातूनच अमेरिकेत एक वेगळा धंदा उभा राहिला. एका चकतीच्या लॉक-अपऐवजी तीन चकत्यांचा कन्व्हर्टर, अखंड पोलादातून कोरलेला इनपुट शाफ्ट, ऑइलचा दाब वाढवणारी बदललेली व्हॉल्व्ह बॉडी: कारखान्याने जे करायला हवं होतं, ते छोट्या दुकानांनी केलं आणि मालकांनी त्याचे पैसे दोनदा मोजले. काहींनी वैतागून पाच गिअरचा मॅन्युअल एनव्ही४५०० बसवला. तिथेही सुख नव्हतं. त्याचा पाचव्या गिअरचा नट सैल पडायचा.

फोर्डची कथा थोडी वेगळी, पण सूर तोच. तिथे ई४ओडी, मग ४आर१००, आणि २००३मध्ये पाच गिअरचा टॉर्कशिफ्ट. गंमत म्हणजे त्या वर्षी फोर्डचा गिअरबॉक्स बरा निघाला आणि सहा लिटरच्या इंजिनाने नाव घालवलं. खरा फरक पडला तो २००१मध्ये. जनरल मोटर्सने इसुझूबरोबर तयार केलेल्या ड्युरामॅक्स इंजिनामागे अॅलिसन १००० लावला, पाच गिअरचा, ट्रकवाल्यांच्या घराण्यातला. इंजिन ३०० अश्वशक्ती, ५२० पौंड-फूट, आणि गिअरबॉक्सवर बाहेरून बदलता येणारा फिल्टर. ऑटोमॅटिकसाठी इंजिनाचा गळा आवळावा लागत नाही, हे ग्राहकाने पाहिलं. अॅलिसनलाही बेसुमार ताकदीने घसरवता येतं, पण त्यासाठी मालकाला स्वतः कष्ट घ्यावे लागतात.

नकाशा पाहिला तर हसू येतं. कमिन्सचं गाव कोलंबस, अॅलिसनचं इंडियानापोलिस आणि क्रायस्लरचे गिअरबॉक्स बनतात ते कोकोमो, तिन्ही एकाच इंडियाना राज्यात. मजबूत गिअरबॉक्स कोलंबसच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर होता. डॉजने त्याला बोलावलं नाही. ४७आरईचा ४८आरई केला, तो २००४च्या सुमारास ६०० पौंड-फूट टॉर्कसमोर उभा केला, आणि २००७मध्ये नव्या ६.७ लिटर इंजिनाबरोबर सहा गिअरचा ६८आरएफई आणला. तोही जुन्या पेट्रोल घराण्यातून वाढवलेला. जास्त ताकदीच्या इंजिनासाठी २०१३पासून जपानी आयसिन मिळू लागला, पण साध्या खरेदीदाराच्या वाट्याला ६८आरएफईच. मॅन्युअल २०१८मध्ये संपला, तेव्हा ती पळवाटही बंद झाली.

२०२५मध्ये कंपनीने रॅममधून ६८आरएफई आणि आयसिन दोन्ही काढून झेडएफ या कंपनीच्या रचनेचा आठ गिअरचा एकच गिअरबॉक्स घेतला. आता टॉर्क १०७५ पौंड-फूट आहे, सुरुवातीच्या अडीचपटीहून जास्त, आणि कमी ताकदीचं इंजिन फक्त ऑटोमॅटिकसाठी, ही वाटणी उरलेली नाही. बांधणाऱ्या दुकानांतल्या बाकांवर सध्या ६८आरएफईची गर्दी आहे. ४७आरई मागे पडला असला तरी त्याचे सुटे भाग अजून नव्याने बनतात, कारण ५.९ लिटरचं ते जुनं इंजिन आजही चालू आहे आणि त्याच्यामागे काहीतरी लावावं लागतंच.