दाण्यावरचं विष आणि ते खाणारे जिवाणू

गोव्याच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेजवळची वाळू नीट चाळली, तर मसुराएवढे पांढरट-पिवळसर प्लास्टिकचे दाणे हाती लागतात. बादल्या, पिशव्या, बाटल्या घडवण्याचा हा कच्चा माल. कारखान्यांतून आणि जहाजांतून तो समुद्रात सांडतो. मे 2025 मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा 3' हे जहाज बुडालं, तेव्हा केरळच्या किनाऱ्यांवर अशाच दाण्यांचा थर साचला होता.

दाण्यापेक्षा मला काळजी वाटते त्याच्यावर बसलेल्या विषाची. पीसीबी, डीडीटी यांसारखी रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. प्लास्टिक दिसलं की त्याला चिकटतात. जपानमध्ये हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने 2001 साली दाखवलं, की दाण्यांवर या रसायनांचं प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या 10 लाख पटीपर्यंत जातं. जुने, पिवळे पडलेले दाणे तर अधिकच विषारी.

याच दाण्यांवर जिवाणूंची दाट वस्ती असते. झेटलर, मिन्सर आणि अमराल-झेटलर यांनी 2013 मध्ये अटलांटिकमधल्या प्लास्टिकवर ती पाहिली आणि तिला 'प्लास्टिस्फियर' म्हटलं. तिच्यात तेलातली हायड्रोकार्बनं खाणाऱ्या जिवाणूंचे भाईबंद सापडले. सायक्लोक्लास्टिकससारखा सागरी जिवाणू काय करतो, ते पाहण्यासारखं आहे. नॅप्थलीन या हायड्रोकार्बनच्या घट्ट कड्यात तो विकरांच्या मदतीने ऑक्सिजनचे दोन अणू बसवतो. त्यामुळे कडं कमकुवत होऊन उघडतं आणि उरलेली साखळी पेशीत जळून तिचा कार्बन डायऑक्साइड होतो. विषाचं अन्न होतं! प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट रसायनं मोडणारे जिवाणूही संशोधकांनी वेगळे केले आहेत.

पण 'प्लास्टिक खाणारे जिवाणू सापडले' असा मथळा वाचून निश्चिंत होऊ नका. हे जिवाणू दाण्यावरचं किंवा त्यातून झिरपणारं रसायन खातात. दाणा तसाच राहतो आणि पाण्यातलं नवं विष ओढत राहतो. शिवाय भरपूर क्लोरीन असलेल्या पीसीबीपुढे ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू जवळपास हतबल असतात. त्यातला क्लोरीन आधी काढावा लागतो, आणि ते काम करणारे जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या गाळात राहतात, लाटांवर तरंगणाऱ्या दाण्यावर नव्हे. जपानने पीसीबीचं उत्पादन 1972 मध्ये थांबवलं, अमेरिकेने 1979 मध्ये बंदी घातली. दोन्ही देशांच्या किनाऱ्यांवरच्या दाण्यांत ते त्यानंतर कित्येक दशकांनीही सापडलं.