'च' : अक्षर आणि अव्यय

जपानी लिपीत 'हा' असे वाचले जाणारे एक अक्षर आहे. तेच अक्षर वाक्याचा विषय दाखवणारे अव्यय म्हणून आले की त्याचा उच्चार 'वा' होतो. मराठीच्या अभ्यासकाला याचे फारसे नवल वाटू नये. 'चंद्र'मधला च तालव्य आणि 'चाक'मधला दंततालव्य, पण लिपीत खूण एकच. 'मीच', 'तोच' यांतील अव्यय दुसऱ्या प्रकारचे आहे. हा उच्चार आला कोठून, हे पाहण्यासाठी अक्षर आणि अव्यय यांचे इतिहास वेगळे ठेवावे लागतात.

अक्षराचा इतिहास सरळ आहे. ब्राह्मीत उभी रेघ आणि तिच्या डाव्या अंगाला खाली अर्धवर्तुळ, असा च लिहीत. नागरी च त्याचेच वळण. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपाऱ्यास सापडला. याच लेखाच्या गिरनार येथील पाठात 'च' वारंवार येतो. पण तो 'आणि' या अर्थाचा, संस्कृतातलाच समुच्चयबोधक च. पदव्युत्तर वर्गात पुष्कळदा येथेच गल्लत होते. मराठी च हा त्याचा थेट वारस नव्हे.

मराठी च 'चैव'कडून आला, म्हणजे 'च' आणि 'एव' या जोडीकडून. महाराष्ट्री प्राकृतात त्याची 'चेअ', 'च्चिअ' अशी रूपे झाली. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ती अवधारणार्थी म्हणून नोंदवली आहेत. अवधारणाचा अर्थ मुळात 'एव'चा. रूपात मात्र च टिकला आणि 'एव' झिजला. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) भाषेत हे अव्यय 'चि' आहे. मराठीत इकारापूर्वीचा च सामान्यतः तालव्य राहतो. पुढे इकार गळला आणि दंततालव्य उच्चाराला वाट मिळाली.

हा इकार पाठसंशोधनात त्रास देतो. 'भक्तीचि' म्हणजे केवळ भक्ती. 'भक्तीची' म्हणजे भक्तीशी संबंधित. हस्तलिखितांत ऱ्हस्व-दीर्घाचा कटाक्ष सर्वत्र पाळलेला नसतो, आणि मोडीत तर इकाराला बहुधा एकच खूण. अशा जागी लिपी निर्णय देत नाही, वाक्य देते. षष्ठीच्या 'ची'ला जुळणारे विशेष्य हवे. ते सापडत नसेल तर अव्यय मानून ओवी पुन्हा वाचावी. संपादकाने छापलेला दीर्घ इकार हाही एक अन्वयार्थच असतो, हे विसरू नये.

आजच्या वापरात च चे स्थान अर्थ ठरवते. वसईच्या खाडीच्या अलीकडे, भाईंदर परिसरात खारी आहे. 'मी उद्या खारीला जाणार' हे वाक्य घ्यावे. 'मीच' म्हटले की इतर वगळले जातात, 'उद्याच' म्हटले की इतर दिवस, 'खारीलाच' म्हटले की इतर गावे. 'जाणारच' म्हटले की मात्र काही वगळले जात नाही, निर्धार व्यक्त होतो. 'आलाच तर' मध्ये च उलट शंका सुचवतो. आणि दाराबाहेर पडणारा माणूस 'आलोच' म्हणतो, तेव्हा भूतकाळी रूपाला च जोडून तो लवकर परतण्याची हमी देत असतो! 'उगीच', 'लगेच' यांत तर तो शब्दात इतका मुरला आहे की वेगळा जाणवतही नाही.

शालेय व्याकरणांत च ला 'शुद्ध शब्दयोगी अव्यय' म्हणतात, कारण त्याच्यामुळे सामान्यरूप होत नाही. ही सोय आहे, स्पष्टीकरण नव्हे. शब्दयोगी अव्यय नामाचा वाक्यातील इतर शब्दांशी संबंध दाखवते. च विभक्तिप्रत्ययाच्याही नंतर येतो ('खारीलाच'), क्रियापदालाही लागतो आणि संबंध कोणताच दाखवत नाही. त्याला निराळा वर्ग द्यावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

असा सुटा, कशालाही लागणारा असल्यामुळेच तो भाषेची सीमाही सहज ओलांडू शकला. दखनीतील 'मैंच' आणि मुंबईच्या हिंदीतील 'ऐसाइच' यांतला च मराठीचाच आहे.