शीतपेयाचे सूत्र आणि रसायनशाळा : काही समज, काही वस्तुस्थिती

उन्हाळ्याच्या दिवसांत हदगावच्या बाजारपेठेत, आणि हदगावातच कशाला, मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, थंड पेयाच्या बाटलीविषयी दोन समजुती ऐकू येतात, आणि परस्परांना छेद देणाऱ्या या समजुती पुष्कळदा एकच मनुष्य बाळगून असतो. पहिली अशी की, कोकाकोलासारख्या पेयाचे सूत्र परदेशी तिजोरीत कुलूपबंद असल्यामुळे त्याची बरोबरी करणे कोणाच्याच आवाक्यातले नाही. आणि दुसरी अशी की, आजच्या यंत्रात त्या पेयाचा एक थेंब घातला की त्याची साद्यंत कृती कागदावर उतरून येते. या दोहोंची नीट रुजुवात करून पाहणे अगत्याचे आहे, कारण पहिलीमुळे रसायनशास्त्राविषयी अकारण न्यूनभाव उत्पन्न होतो आणि दुसरीमुळे त्याच्यावर अवास्तव, क्वचित धोकादायकही, भरवसा बसतो.

आधी यंत्राचे सामर्थ्य मान्य केले पाहिजे. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफीच्या पद्धतीत पेयातील उडून जाणारी द्रव्ये वायूच्या प्रवाहाबरोबर एका लांब, अरुंद नळीतून नेली जातात. प्रत्येक द्रव्य आपापल्या स्वभावानुसार मागेपुढे बाहेर पडते, आणि पुढे जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्याच्या रेणूचे तुकडे होऊन त्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून त्याची ओळख पटते. कोला जातीच्या पेयाची अशी परीक्षा केली असता लिंबू-संत्र्याच्या सालीतील लिमोनीन, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, जायफळातील तैलद्रव्ये, व्हॅनिलिन अशी परिचित द्रव्येच बहुतांशी आढळतात. ही चव कोला नावाच्या आफ्रिकी बीची आहे, हाही एक रूढ समज. वस्तुतः त्या बीचा वाटा अगदी अल्प असतो, आणि चवीचा मुख्य भार आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या मसाल्यांच्या व लिंबूवर्गीय फळांच्या तेलांवर असतो. तेव्हा सूत्र अभेद्य आहे, हे खरे नव्हे.

परंतु यंत्राची मर्यादाही तितकीच मोठी आहे. जे उडून जाते तेच या नळीतून पुढे सरकते. साखर, फॉस्फोरिक आम्ल, जळलेल्या साखरेचा तपकिरी रंग आणि वनस्पतींतील तुरट द्रव्ये उडून जात नाहीत, आणि म्हणून त्या आलेखावर त्यांची नोंदच होत नाही. दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १० ते ११ ग्रॅम साखर, आणि ती गोडी जिभेवर बोजड होऊ नये एवढे तीव्र आम्ल, ही जोडी मोडली तर उरलेले सारे सुगंध निर्जीव वाटतात. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे केवळ गुदगुल्या करतात, असेही पुष्कळांना वाटते. पण आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवरील एक विकर त्या वायूपासून आम्ल निर्माण करते आणि त्याची जाणीव जिभेला होते, हे २००९ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले गेले आहे. वायू निघून गेलेले पेय बेचव लागते ते याही कारणाने.

याहून सूक्ष्म अडचण काळाची आहे. लिंबाच्या तेलातील टर्पीन वर्गाचे रेणू आम्लाच्या सान्निध्यात पाण्याशी संयोग पावून टर्पिनिऑल, फेंचॉल अशी निराळीच द्रव्ये बनतात. म्हणजे बाटलीत जे सापडते ते सर्वच्या सर्व मिश्रणात घातलेले असतेच असे नाही, त्यातील काही तिथेच मुरून तयार झालेले असते. भाजीत कोणते मसाले आहेत हे कळल्याने ते किती आचेवर आणि किती वेळ परतले हे कळत नाही, तशीच ही गोष्ट आहे. शिवाय काही गंधद्रव्ये अब्जांश प्रमाणातही नाकाला जाणवतात, आणि इतक्या अल्प मात्रेपुढे यंत्राचीही दृष्टी कित्येकदा मंदावते. म्हणूनच आजदेखील चवतज्ज्ञाचे नाक हेच या विद्येत अखेरचे न्यायासन मानले जाते.

पाण्याचा विचार तर बहुधा कोणी करीतच नाही. हदगावच्या परिसरात जमिनीखाली दख्खनचा बसाल्ट खडक आहे, आणि अशा खडकातून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे साधारणतः विपुल असतात. सूत्र तंतोतंत हाती लागले आणि पेय बोअरच्या पाण्यात सिद्ध केले, तर ही बायकार्बोनेटे आम्लाचा काही अंश निष्प्रभ करून टाकतील आणि चव मिळमिळीत होईल. बाटल्या भरणारे कारखाने पाण्याची अल्कता आधी कमी करून घेतात ते याचसाठी.

आता नैसर्गिक आणि कृत्रिम यांविषयी. अर्धापूरच्या केळीला जो वास येतो त्यातील प्रमुख द्रव्य आयसोअमाइल ॲसिटेट हे आहे. महाविद्यालयातील विद्यार्थी आयसोअमाइल अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्ल यांपासून तेच द्रव्य परीक्षानळीत तयार करतो, आणि या दोन ठिकाणच्या रेणूंत तिळमात्र फरक नसतो. तेव्हा कृत्रिम म्हणजे विषारी हा समज टिकत नाही. मात्र कारखान्यात वापरले जाते म्हणजे निर्धोक, हाही टिकत नाही. लिंबू-संत्र्याचे तेल पाण्यात तरंगून वर येऊ नये म्हणून पूर्वी ब्रोमीन जोडलेले वनस्पती तेल पेयांत मिसळत. भारताने त्यास १९९० साली मनाई केली, आणि अमेरिकेने त्याची परवानगी २०२४ साली काढून घेतली. गुण-दोष द्रव्याच्या उगमात नसून त्याच्या रचनेत, शुद्धतेत आणि मात्रेत असतात.

याच कारणास्तव विद्यार्थ्यांना कळकळीने एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रयोगशाळेतील बाटलीवर शुद्धतेचा कितीही मोठा आकडा छापलेला असो, ते द्रव्य खाण्यासाठी प्रमाणित नसेल तर जिभेला लावू नये. शुद्ध कॅफिनची पूड तर पेयात मुळीच घालू नये. पेयाच्या एका बाटलीत ते मिलिग्रॅममध्ये असते आणि पुडीचे काही ग्रॅम मृत्यूला कारण होतात, तेव्हा घरगुती तराजूची चूक येथे क्षम्य नाही. वास घेऊन शिकावे, आलेख वाचून शिकावे. पिण्याचा मोह आवरावा.

कायद्याविषयीही एक शब्द. चवीची नक्कल करणे हाच गुन्हा आहे असे मानले जाते, ते बरोबर नाही. बाजारात रीतसर विकत घेतलेल्या पेयाचे पृथक्करण करून तशी चव साधण्यास सामान्यतः मज्जाव नाही. दुसऱ्याचे नाव वा बोधचिन्ह बाटलीवर लावणे आणि अन्नसुरक्षेच्या परवान्यावाचून विक्री करणे हे मात्र बेकायदेशीर ठरते. पेटंटासाठी कृती जाहीर करावी लागते आणि मुदत संपताच ती सर्वांची होते, म्हणूनच अशा पेयांचे उत्पादक पेटंटाऐवजी गुप्ततेचा आश्रय घेतात.

आपल्या देशात या प्रश्नाची मोठी कसोटी १९७७ साली लागली. त्या वर्षी कोकाकोलाने सूत्र देण्यास नकार दिला म्हणून तिला हाकलले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती निराधार नाही, पण अपुरी आहे. वादाचे मूळ १९७३च्या विदेशी चलन नियमन कायद्यात होते. त्यान्वये विदेशी भांडवलाचा हिस्सा ४० टक्क्यांवर आणावयाचा होता, आणि अर्क व दर्जा-नियंत्रण यांवरचा आपला पूर्ण ताबा सोडण्यास कंपनी राजी नव्हती. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. त्यांनी हा आग्रह अमान्य केला आणि कंपनीने गाशा गुंडाळला. त्यानंतर म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या सूत्रानुसार मॉडर्न बेकरीज या सरकारी कंपनीने ‘डबल सेव्हन’ हे पेय बाजारात आणले. शास्त्रज्ञ निष्णात होते, संस्था नामांकित होती, सरकारचे पाठबळ होते. तरीही गेलेल्या पेयाची जागा ‘डबल सेव्हन’ भरून काढू शकले नाही आणि काही वर्षांत ते दिसेनासे झाले.

त्याच १९७७ साली मुंबईच्या पार्ले कंपनीने ‘थम्स अप’ आणले, आणि ते कोकाकोलाहून मुद्दामच अधिक तिखट, अधिक मसालेदार आणि अधिक वायूयुक्त ठेवले. रसायनशास्त्राचा सर्वोत्तम उपयोग मला येथे दिसतो: दुसऱ्याची चव ओळखून घ्यावी, आणि त्या ज्ञानाच्या बळावर आपली स्वतंत्र चव घडवावी. कोकाकोला १९९३ साली भारतात परतली तेव्हा तिने ‘थम्स अप’ विकत घेतले. आणि २०२१ साली, त्याच कंपनीच्या जाहीर निवेदनानुसार, या पेयाची वार्षिक विक्री एक अब्ज डॉलरवर पोहोचली.