बिल्टी, बारनिशी आणि आज्ञावली

नागपूरहून काटोलकडे जाताना लागणाऱ्या कळमेश्वरात एका अंगाला संत्र्यांच्या बागा आणि दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत असल्यामुळे येथील लहानशा पुरवठादाराकडेही बिल्टी, वजनकाट्याची पावती, चलन आणि बिल यांचा ओघ बारमाही चालतो. आणि हे कागद फोनवर टिपून गूगल ड्राइव्हसारख्या दूरस्थ भांडारात, ज्याला सर्वजण क्लाउड म्हणतात तेथे, लोटून देण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. लोटणे सोपे असते. हिशेबतपासणीच्या दिवशी नेमकी बिल्टी सापडणे हे मात्र निराळे प्रकरण.

या दुखण्यावरचा इलाज आपल्या महसुली कचेऱ्यांना पूर्वीपासून अवगत आहे. आलेला कागद बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत, चढवावा, सहा गठ्ठे पद्धतीने चालू, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात धाडावयाचे आणि नष्ट करावयाचे अशी त्यांची वाटणी करावी, आणि अ, ब, क, ड अशी प्रतवारी लावून कायम जपावयाचे कोणते व मुदतीनंतर फाडावयाचे कोणते हे आधीच मुक्रर करावे, असा तो शिरस्ता. असा शिरस्ता ज्याने ठरविला नाही त्याने हे काम संगणकाकडून करवून घेणारी आज्ञावली लिहिण्याच्या भरीस पडू नये, कारण संगणक त्याचा गोंधळ केवळ अधिक वेगाने करील.

शिरस्ता ठरला म्हणजे पुढचे काम अल्प आहे. गूगलने 2009 साली उपलब्ध केलेल्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये जावास्क्रिप्टच्या मोजक्या ओळींनी असे फर्मान काढता येते, की रोज रात्री ‘आवक’ फोल्डर उघडावे, ‘2025-11-14_बिल्टी’ अशा नावातील तारीख वाचून फाइल त्या वर्षाच्या व महिन्याच्या फोल्डरात हलवावी, पत्रकात एक नोंद करावी, आणि ज्या नावाचा अर्थ लागत नाही ती फाइल जागची हलवू नये. हा कारकून झोपत नाही, तसाच तो विचारही करीत नाही. ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली सुखाने नांदू शकतात, म्हणून ओळख नावावरून नव्हे, तर प्रत्येक फाइलला मिळालेल्या स्वतंत्र क्रमांकावरून पटवावी लागते. शिवाय एका खेपेस सहा मिनिटांहून अधिक वेळ मिळत नसल्याने, साचलेला ढीग उपसताना कोठवर आलो ही खूण आज्ञावलीने स्वतःच जपावी लागते.

खरी मेख मुदतीत आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 36 अन्वये हिशेबाचे कागद 72 महिने राखावे लागतात, परंतु ही मुदत बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून मोजली जाते. म्हणजे एप्रिल 2024 मधील बिलाचे विवरणपत्र 31 डिसेंबर 2025 पर्यंतचे धरले, तर ते बिल 31 डिसेंबर 2031 पर्यंत जपणे प्राप्त आहे, आणि अपील चालू असल्यास त्याहूनही पुढे. ‘सहा वर्षांपूर्वीचे सर्व पुसून टाक’ अशी भाबडी ओळ लिहिणारा येथे बेकायदा ठरतो.

म्हणून हलविणे आणि नोंदणे खुशाल यंत्रावर सोपवावे, नाश करण्याचा अधिकार मात्र मालकाने स्वतःकडे राखावा. कारण ड्राइव्हच्या कचरापेटीत टाकलेली फाइल 30 दिवसांनी कायमची नाहीशी होते.