परिचारिकेच्या सेवेचे मोल आणि बढतीचा जिना

त्र्यंबक रस्त्यावरील नाशिकच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात सुरगाणा, पेठ, इगतपुरी अशा दूरच्या तालुक्यांतून रुग्ण येतात. डॉक्टरांची फेरी ठरावीक वेळी होते. उरलेले सारे प्रहर रुग्ण परिचारिकेच्या स्वाधीन असतो. रुग्ण बरा झाला की कुटुंब डॉक्टरांचे ऋण मानते. रात्रपाळीत जागलेल्या परिचारिकेला काय मिळते आणि वीस वर्षांनी ती कोठे पोहोचते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. परिचर्येची पदवी देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच नगरात आहे. म्हणून त्या पदवीनंतरच्या वाटचालीचा विचार येथे होणे उचित ठरते.

प्रथम वेतनाचा हिशेब पाहू. राज्य शासनाच्या २०२३ मधील भरतीत अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होत होते. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत याच कामाचा आरंभ ४४,९०० रुपयांवर होतो. फरक दरमहा ९,५०० रुपयांचा, म्हणजे वर्षाला १,१४,००० रुपयांचा. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या टक्केवारीने मिळत असल्याने प्रत्यक्षातील तफावत आणखी वाढते. राज्याच्या वेतनश्रेणीत ४४,९०० हा आकडा आठ वार्षिक वेतनवाढींनंतर येतो. केंद्रातील परिचारिका पहिल्या दिवशी जेथे उभी असते, तेथे पोहोचण्यास राज्यातील परिचारिकेला आठ वर्षे लागतात. व्याजाचे गणित जाणणाऱ्या व्यापारी घरांना या आठ वर्षांची किंमत समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न बढतीचा. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका असा हा जिना आहे. तळाशी पदे पुष्कळ, वर मोजकी. त्यामुळे अनेकींची अवघी सेवा पहिल्या एक-दोन पायऱ्यांवर सरते. यावर उपाय म्हणून शासनाची आश्वासित प्रगती योजना आहे. बढती न मिळाल्यास १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनश्रेणीचा लाभ मिळतो. या योजनेने पगार वाढतो. पद, अधिकार आणि जबाबदारी मात्र तीच राहते. पेढीवरील जुन्या मुनिमाला पगारवाढ द्यावी, पण त्याचा सल्ला कधी घेऊ नये, तसेच हे झाले.

याहून बिकट स्थिती कंत्राटी परिचारिकांची. राष्ट्रीय आरोग्य अभियानासारख्या योजनांत त्या मानधनावर काम करतात. रुग्ण तेच, जोखीम तीच. पण नियमित वेतनश्रेणी नसल्याने बढतीचा जिनाच त्यांच्यासमोर नसतो. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यातील परिचारिकांनी संप केला. जुलै २०२५ मध्ये वेतनातील त्रुटी आणि कायम पदभरती यांसाठी त्या पुन्हा संपावर गेल्या. संपाने रुग्णांचे हाल होतात, हे खरे. परंतु पदे रिक्त राहतात तेव्हा एकाच परिचारिकेवर दुप्पट रुग्णांचा भार पडतो आणि ते हाल रोजचेच होतात.

हा विषय केवळ शासनाचा नाही. व्यापारी कुटुंबांच्या दानातून अनेक धर्मादाय रुग्णालये उभी राहिली आहेत आणि त्यांच्या विश्वस्त मंडळांवर याच घरांतील मंडळी असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानुसार नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी वेतनाची शिफारस केली. २०० हून अधिक खाटा असल्यास सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे. १०० ते २०० खाटा असल्यास ते १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे. ५० ते १०० खाटांसाठी ही मर्यादा २५ टक्के. आणि त्याहून लहान रुग्णालयातही किमान २०,००० रुपये द्यावेत. शिफारस होऊन अनेक वर्षे लोटली. त्या काळात महागाई थांबलेली नाही.

नव्या यंत्रासाठी देणगी मिळते, दात्याचे नाव फलकावर कोरले जाते. त्या यंत्राशेजारी रात्रभर उभ्या राहणाऱ्या परिचारिकेच्या वेतनासाठी कायमनिधी उभारणारे दाते विरळाच. विश्वस्तांनी पुढील वार्षिक सभेत आपल्या रुग्णालयाचे वेतनपत्रक या शिफारशीशेजारी ठेवून पाहावे. दोन्ही आकड्यांतील अंतर भरून काढणे, हेही रुग्णसेवेसाठी दिलेले दानच आहे.